दिवे लुकलुकले की पाय खाली

जगदाळे सरांनी ताईच्या पाठीमागे जाऊन जोरात टाळी वाजवली. हँगरच्या पत्र्यांवर आपटून ती परत आली. छपराखालची कबुतरं उडाली, विमानाचं चाक तपासणारा मेकॅनिक वळून बघायला लागला. ताई विमानाकडे बघत उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"बघितलंस?" सर मला म्हणाले.

"सर, ती बहिरी आहे हे मी सोमवारीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. पण मला बघायचं होतं."

उडणारी कबुतरं दिसली तेव्हा ताई वळली. तिने हातांनी मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं, टाळी वाजवली. तिने सरांकडे एकदा नीट पाहिलं आणि भराभर हात चालवले. 'त्यांना विचार, विमान आकाशात असताना त्यांची टाळी त्यांना स्वतःला तरी ऐकू येते का?'

"ती विचारतेय, उड्डाणात आवाज कितपत ऐकू येतो," मी म्हणालो.

"एवढंच? हात तर बरेच हलले की."

जगदाळे सर मूळचे साताऱ्याकडचे. हवाई दलात पॅराशूटने उड्या मारायला शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि माणूस खरं बोलतोय की खोटं हे ते चेहऱ्यावरून ओळखत.

त्या वेळी मी 'अधांतर' या कंपनीत नोकरीला होतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मिळालेली पहिलीच नोकरी. सिंधुदुर्गात, चिपीच्या विमानतळावरून आमचं एकच विमान उडायचं. आतल्या खुर्च्या काढून टाकलेल्या, फक्त शेवटच्या काही रांगा उड्डाणापुरत्या ठेवलेल्या. जमीन, भिंती, छत, सगळीकडे पांढऱ्या गाद्या. अरबी समुद्रावर गेलं की विमान नाक वर करून चढायचं आणि मग भिरकावलेल्या दगडासारखं एक मोठी कमान घेऊन खाली यायचं. त्या वीस-बावीस सेकंदांत आत कुणालाही वजन नसे. त्यासाठीच लोक तिकीट काढून येत. कमान संपताना मात्र विमान स्वतःला सावरून पुन्हा वर उचलतं, आणि त्या क्षणी आतल्या प्रत्येकाचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. तेव्हा छताजवळ राहिलेला माणूस छतावरून पडतो, आणि दुप्पट वजनाने पडतो. म्हणून वजन परत येण्याआधी कॅप्टन स्पीकरवर म्हणायची, "पाय खाली." आणि आम्ही कर्मचारी, कंपनीच्या भाषेत 'सोबती', आपापल्या प्रवाशांना ओढून जमिनीवर आणायचो.

सोबती टिकत नव्हते. चार-सहा फेऱ्यांत उलट्यांनी बेजार होऊन सोडून जात. मी स्वतः खिशात कायम पिशवी ठेवायचो.

आणि माझ्या घरी एक माणूस असं होतं की ज्याला आयुष्यात कधी मळमळलं नव्हतं. ताई, म्हणजे शलाका तुळसकर, तीन वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. त्यात तिचे कान गेले आणि कानाच्या आत तोल सांभाळणारा जो इवलासा अवयव असतो तोही निकामी झाला. गाडी लागते ती त्या अवयवाचं आणि डोळ्यांचं भांडण झाल्यामुळे. ताईकडे भांडायला कुणी उरलंच नव्हतं. आंबोलीच्या घाटात आम्ही सगळी चुलत-मावस भावंडं खिडकीतून डोकी बाहेर काढून बसलेली असायचो, तेव्हा ती आत बसून सगळ्यांच्या वाट्याचा चिवडा संपवायची. तोल तिने डोळ्यांनी आणि तळपायांनी शिकून घेतला होता. अंधारात धडपडायची, पण उजेडात मल्लखांबावर माकडाला लाजवायची. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत ती व्यायाम शिकवत होती. आमच्या विमानातलं चित्रण मी तिला दाखवलं तेव्हा तिने ते तीनदा बघितलं आणि म्हणाली, 'हे काम मला पाहिजे.' हवंसं वाटतंय असं नाही, पाहिजे. त्यानंतर घरात दुसरा विषय नव्हता.

"एक फेरी," जगदाळे सर म्हणाले. "मागच्या भागातले दोन प्रवासी हिच्याकडे. वेळेवर खाली आणायचे. तू पुढच्या भागात. आणि हिला खुणा करायच्या नाहीत. तू सांगणार आणि ही उतरणार, असं असेल तर एका कामाला मला दोन माणसं लागतील."

मी ताईला सांगितलं. तिने मान डोलावली. मग म्हणाली, 'हा माणूस बरोबर बोलतोय.'

"काय म्हणाली?"

"तुमचं बरोबर आहे म्हणाली."

"हे खरं सांगितलंस," सर म्हणाले.

तिची युक्ती साधी होती. कमानीत विमान खाली येताना इंजिनाचा जोर कमी केलेला असतो, आणि विमान सावरण्याआधी कॅप्टन तो वाढवते. भिंतीवर तळहात ठेवला की हे कळतं. विमानातलं वजन आणि थरथर मोजायचं यंत्र माझ्या गळ्यात असे, त्यातल्या नोंदी मी काढून बघितल्या. खरंच, भिंतीतली थरथर 'पाय खाली'च्या किंचित आधी वाढत होती. कागदावर सगळं चोख होतं.

शनिवारी सकाळी तिच्या वाट्याला आले जयसिंगपूरचे मगदूमकाका आणि मगदूमकाकू. मुलांनी आईवडिलांना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून पाठवलं होतं. काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. काकूंनी निळा पोशाख चढवला होता आणि मंगळसूत्र त्याच्या आत नीट खोचून घेतलं होतं.

"नाव काय गं तुझं, पोरी?" काकूंनी ताईला विचारलं.

"काकू, तिला ऐकू येत नाही," मी म्हणालो. "पण तुम्ही तिच्याकडे तोंड करून सावकाश बोललात तर ओठांवरून बरंच कळतं तिला."

"मग काय बिघडलं? आमच्या ह्यांना ऐकू येतं, त्याचा तरी काय उपयोग झालाय चाळीस वर्षांत?"

"काय म्हणालीस?" काकांनी विचारलं.

"हेच," काकू मला म्हणाल्या.

पुढच्या भागात, माझ्याकडे, पुण्याचे चार इंजिनिअर होते. मधोमध जगदाळे सर. कॅप्टन ग्लोरिया फर्नांडिस वेंगुर्ल्याची. स्पीकरवरून ती पहिल्यांदा मराठीत बोलायची, मग सवयीने मालवणीवर घसरायची.

पहिल्या दोन कमानी हलक्या असतात. तेव्हा वजन पूर्ण जात नाही, चंद्रावर असावं इतपत उरतं. लोकांना सवय व्हावी म्हणून. काका एका बोटावर जोर काढत होते, काकू "पडशीला" म्हणत होत्या. ताईचा हात भिंतीवर. दोन्ही वेळा तिने काकूंचा खांदा दाबला आणि मग स्पीकर बोलला. मी सरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं.

मग पहिली पूर्ण कमान. विमान चढताना आम्ही सगळे जमिनीवर उताणे पडलेलो, छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं. आणि मग ते पोतं नाहीसं झालं, त्याच्यामागोमाग छाती, हात, पोट सगळंच. इतक्या फेऱ्यांनंतरही त्या क्षणी माझ्या तोंडातून हसू बाहेर यायचं. ते मुद्दाम आणलेलं नसायचं. शरीर स्वतःच हसायचं. पुणेकर चौघं एकमेकांना धरून गोल फिरायला लागले. मगदूमकाका पोहण्यासारखे हात मारत हळूहळू पुढे सरकत होते. काकू बसल्या होत्या तशाच मांडी घालून वर निघाल्या होत्या, एखादी मूर्ती उचलावी तशा.

काकूंचं डोकं हळूहळू खाली आणि पाय वर होत होते. ताईला काकांना सांगायचं होतं की त्यांना धरा. काका पाठमोरे होते. आणि ताईने तेच केलं जे ती शाळेत दिवसातून शंभरदा करते. पाठमोऱ्या बहिऱ्या माणसाचं लक्ष वेधायचं तर जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे हादरा त्याच्या तळव्यांना कळतो.

तिने पाय आपटला.

ती सरळ छतावर गेली. तिथे आपटून तिरकी भिंतीकडे, भिंतीवरून पुन्हा मधोमध, आणि तिथे हात कुठेच पोचेना. भिंत नाही, थरथर नाही. मी बघत होतो. माझा हात अर्धा वर आला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तो खाली घेतला. तेवढ्यात त्यांनीच हात लांब करून ताईचा घोटा पकडला, दुसऱ्या हाताने काकूंना, आणि दोघींना जमिनीवर दाबलं. वजन परत आलं. त्याच वेळी मगदूमकाका, जे पोहत पोहत माझ्या भागात आले होते, माझ्या पोटावर पडले. आणि त्यांच्यावर पुण्याचे दोघं.

त्यानंतर विमान वळण घ्यायला थोडा वेळ सरळ उडालं. सर मागे आले. आवाज चढवलेला नव्हता.

"तिला सांग, खुर्चीत बसून पट्टा लाव. मला पुढच्या कमानीत तीन माणसं धरायची नाहीत."

मी सांगितलं. ताईचा चेहरा पडला असं मला वाटलं, पण ती पुढच्या भागाकडे बघत होती. मग तिने हात उचलले.

'मी चुकले. पाय आपटला ती माझी चूक. पण ते पुढचे चौघं? त्यांना तर ऐकू येतं. ते का नाही उतरले?'

हे मी शब्दशः सांगितलं. सरांनी पुणेकरांकडे मान वळवली.

"स्पीकरवर 'पाय खाली' ऐकलं का तुम्ही?"

चौघांतला एक पिशवीत तोंड घालून होता. दुसरा विचार करून म्हणाला, "काहीतरी होतं. पण सूचना पुरेशी स्पष्ट नव्हती."

"काका, तुम्ही?"

"आँ?" मगदूमकाका म्हणाले.

काकूंनी कपाळाला हात लावला.

"तुळसकर, तू तरी ऐकलंस ना?"

"नाही, सर," मी म्हणालो. "मी यंत्रातला आकडा बघून उतरतो. नेहमीच. हवेचा आवाज असतो, आणि गाद्या स्पीकरचा आवाज खाऊन टाकतात."

"मी ऐकलं."

"तुमच्या डोक्यावरच स्पीकर आहे, सर."

ताई पट्टा हातात धरून उभी होती, लावत नव्हती. तिने माझ्या दंडाला स्पर्श केला. 'सांग त्यांना. आमच्या शाळेत घंटा नाही. तास संपला की वर्गातले दिवे लुकलुकतात. एक मूल जागेवर राहत नाही.'

सरांनी वर पाहिलं. छतात दिव्यांची लांब पट्टी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फेऱ्या सुरू झाल्यापासून ती तिथेच होती. त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला.

"कॅप्टन, आतले दिवे तुम्हाला तिथून बंद-चालू करता येतात का?"

फोनमधला आवाज आम्हालाही आला. "बटण माझ्या डोक्यारच आसा. कित्याक?"

"'पाय खाली' म्हणताना तीनदा मारा."

"मारतंय. पण ह्या आधी कोणी सांगूक नाय ता?"

"आज सांगितलं," सर म्हणाले आणि फोन ठेवला. ताईकडे वळून एक बोट वर केलं. आणखी एक कमान. एकच. हे मला सांगावं लागलं नाही.

मग त्यांनी प्रवाशांसाठी स्पीकरवरून नवी सूचना दिली. त्या सूचनेचं काय झालं असेल हे आता वेगळं सांगायला नको.

पुन्हा चढण, पुन्हा छातीवरचं पोतं, पुन्हा ते नाहीसं होणं. काकू या वेळी स्वतःहून हात पसरून निघाल्या. ताई जमिनीजवळ राहिली, एक पाय जमिनीवरच्या पट्ट्यात अडकवून, नजर वर. काका तरंगत तिच्या आवाक्याबाहेर चालले होते, तिने त्यांच्या विजारीचा पाय धरून ठेवला, पतंगाची दोरी धरावी तसा.

दिवे लुकलुकले.

"गेली," मगदूमकाका म्हणाले.

"लाईट गेली," पुणेकर म्हणाले. चौघंही, अधांतरी, दिव्यांकडे तोंड करून वाट बघत राहिले, आपल्याकडे लाईट गेल्यावर सगळे बघतात तसे. त्यातला एक "फेज गेला असेल" असंही म्हणाला.

मागच्या भागात ताईने काकूंना कमरेला धरून खाली बसवलं होतं आणि विजार ओढून काका उतरवले होते. दोघांचे पाय जमिनीला लागले, मग वजन आलं. पुढच्या भागात पुणे माझ्यावर पडलं.

मी त्या ढिगाऱ्याखालून बघितलं. सर मागे बघत होते. मग ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. वर्षभरात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"तिला सांग," ते म्हणाले, "या सगळ्यांना शिकव म्हणावं."

ताई मधोमध येऊन उभी राहिली. तिने दिव्यांकडे बोट दाखवलं. मूठ तीनदा उघडली-मिटली. मग दोन्ही पंजे खाली दाबत गुडघ्यांत वाकली. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा तिने सगळ्यांना करायला लावलं. पुण्याच्या पिशवीवाल्यानेही एका हाताने केलं. सरांनी केलं नाही, तर ती त्यांच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. त्यांनी केलं.

"आता कळलं," काका म्हणाले. "हे आधी सांगायचं नाही का?"

पुढच्या कमानीला दिवे लुकलुकले आणि विमानभर पायांचा एकच थप्प असा आवाज झाला. तो मला आवाजापेक्षा तळव्यांतून जास्त कळला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग ताईला टाळ्यांचा काय उपयोग हे ध्यानात येऊन त्यांनी तिचे गाल धरले. ताईने त्यांना दोन्ही हात वर करून पंजे हलवायला शिकवलं, बहिऱ्यांची टाळी तशी असते. त्यानंतर प्रत्येक कमानीच्या शेवटी सगळे पंजे हलवत होते.

त्यानंतरच्या कमानींत काय झालं ते क्रमाने सांगता येणार नाही, कारण मी नोंदी घ्यायच्या विसरलो. काकूंनी काकांना एका बोटाने ढकललं आणि काका शेपटीपर्यंत गेले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा हलले," असं त्या म्हणाल्या. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका बोलतात तसं त्या सारखं "मी उडालो बघ, मी उडालो" म्हणत होत्या. ताई त्यांना शाळेतल्या एका मुलाची गोष्ट सांगायला लागली. हातांनीच, मोठमोठ्या खुणांनी. वजन नसताना हात एका बाजूला फिरवले की अंग दुसऱ्या बाजूला फिरतं. हा नियम मी परीक्षेत लिहिला होता, पण कुणी गोष्ट सांगताना पाहिला नव्हता. ती रंगात येत गेली तशी वळत गेली आणि गोष्टीचा शेवट तिने काकूंकडे पाठ करून सांगितला.

"अगं, तोंड इकडं कर की," काकू म्हणाल्या. "पुढं काय झालं?"

शेवटच्या कमानीआधी सरांनी माझ्या गळ्यातलं यंत्र काढून घेतलं. "मागं जा. प्रवासी म्हणून."

मी मागे गेलो. ताईने मला इतर प्रवाशांसारखंच आडवं केलं, हनुवटी सरळ केली, डोळ्यांसमोर बोट धरून तिथे बघ म्हणाली. वजन गेलं. माझ्याकडे आकडा नव्हता, कुणाला धरायचं नव्हतं. मी उलटा झालो, काकूंच्या डोक्यावरून गेलो, आणि हसत सुटलो. दिवे लुकलुकलेले मला दिसले नाहीत. स्पीकरही ऐकला नाही. कुणीतरी माझी कॉलर धरून मला खाली ओढलं आणि खांद्यावर हात दाबून धरला. वजन आलं, हात तसाच राहिला. वर बघितलं तर ताई माझ्याकडे बघत नव्हती. काका नीट बसलेत का ते बघत होती.

उतरल्यावर सर आमच्याजवळ आले. "उद्याच्या फेरीला शलाका," ते म्हणाले.

मी सांगायला हात उचलले. ताईने आधीच ओठांवरून वाचलं होतं आणि ती दोन्ही पंजे हवेत हलवत होती.

"मी पण आहेच, सर," मी म्हणालो. "मध्ये बोलायला कुणीतरी लागेल."

"काय बोलायला?"

मी विचार केला. पाच वर्षांचा असल्यापासून मी ताईबरोबर जात होतो. दवाखान्यात, बँकेत, दुकानात, तिच्या नोकरीच्या मुलाखतीला. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण लोक प्रश्न मला विचारायचे आणि उत्तर देताना मी मोठा व्हायचो. बंगळूरच्या एका संस्थेने संशोधनासाठी मला दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा मी कळवलं होतं, घरी थोडी अडचण आहे.

"सांग की. काय बोलायला?"

"काही नाही, सर."

"मग उद्या सुट्टी घे."

रविवारी मी विमानतळाच्या कुंपणाबाहेर सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, जाऊन बसलो. विमान उडालं, समुद्रावर गेलं, ठिपका झालं आणि दिसेनासं झालं. आत काय चाललंय ते कळायला काही मार्ग नव्हता. थोड्या वेळाने मी ते कळून घ्यायचा प्रयत्न सोडला. सड्याच्या खडकात खळगे असतात, त्यांतल्या एकात इवल्या जांभळ्या फुलांची झुडपं होती. मी पोटावर पडून ती बघत राहिलो.

विमान परत आलं. प्रवासी उतरले, काही हसत, काही पिशव्या धरून. शेवटी ताई आणि जगदाळे सर. सर चालता चालता थांबले आणि हातांनी तिला काहीतरी म्हणाले. चुकलं असावं, कारण ताईने त्यांचा हात धरून दोन बोटं सरळ केली, अंगठा आत दुमडला. त्यांनी पुन्हा केलं. मग ती बोलली, ते बोलले, आणि दोघंही मोठ्याने हसले.

अंतर फार होतं. मला खुणा दिसल्या, पण वाचता आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांचं काय बोलणं झालं ते मी आजवर विचारलेलं नाही.